कारण : मिरची खुडत होते

वडील गेल्यावर आई कळमन्याच्या बाजारात सुक्या मिरचीचे देठ खुडायची. सकाळी मीही तिच्यासोबत बसायची, म्हणून कॉलेजात माझी हजेरी कमी पडली. काल त्या बाजारावरून जाताना ठसका लागला आणि प्राचार्य मॅडमची खोली आठवली.

बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. परीक्षेचा फॉर्म अडला होता आणि पालकांना बोलावलं होतं. आई कामावरूनच आली. तिच्या लुगड्यातल्या मिरचीनं ऑफिसभर शिंका सुरू झाल्या.

"बाहेरच थांब वं बाई," ऑफिसातले बाबू ओरडले. मला हळूच म्हणाले, "गैरहजेरीचं कारण आजारपण लिही. सगळे तेच लिहितात."

मी आजारी नव्हते. मी लिहिलं, 'मिरची खुडत होते.'

एकोणीस वर्षं प्राचार्य असलेल्या मॅडम नियमाला पक्क्या होत्या. त्यांनी आईला आत बोलावून खुर्ची दिली, तीनदा शिंकल्या आणि मला विचारलं, "खरं लिहिलं तर फॉर्म नामंजूर होईल, ठाऊक होतं?"

मी हो म्हणायच्या आतच आई बोलली, "काहून अडवता मॅडम? पोरगी काम करून राहिली, चोरी नाही."

"बुडालेले तास मी स्वतः घेईन," मॅडम म्हणाल्या. "रोज चारला यायचं. मग सही."

तेव्हा मला ती शिक्षा वाटली. एवढ्या मोठ्या खुर्चीतल्या बाईंना एका मुलीसाठी रोज खडू हाती घ्यायची काहीच गरज नव्हती, हे आज कळतं.

महिनाभर त्यांनी शिकवलं, मग सही केली. त्या वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.