विहिरीतला जुळा खडा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी औरंगाबादला उस्मानपुऱ्यात खोली घेऊन राहत होते. विषय भूशास्त्र. शनिवारी एसटीनं पाचोडला घरी जायचे. त्या उन्हाळ्यात आमची विहीर आणखी खोल खणणं चाललं होतं. काम दोघा भावांकडं होतं. मेंढरं विकून मजुरीला लागलेले; थोरला बोलका, धाकटा मुका म्हणावा इतका गप्प.

एका सुरुंगानंतर काळ्या दगडात पोकळी उघडी पडली. आतले बहुतेक खडे फुटले होते. एकच शाबूत निघाला, मधाच्या रंगाचा, मुठीत मावेल एवढा. दोन्हीकडं टोकं आणि बरोबर मधोमध खाच.

"हे दोन हायत, चिकटलेत," थोरला म्हणाला. "मधी छिन्नी लावू. एक तुझा, एक माझा."

"एकच हाय," धाकटा म्हणाला. "फोडायचा नाय."

मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले. "ताई, तुमी ह्याचंच शिकता ना? सांगा मंग."

जुळ्या स्फटिकांच्या आकृत्या मी वहीत कितीदा काढल्या होत्या. व्याख्या पाठ होती. पण हातातला खडा बघून काही सुचेना. "सरांना विचारून सांगते," म्हटलं आणि तो टॉवेलात गुंडाळून शहरात नेला.

सरांनी कोनमापक लावून मोजलं, दोनदा मोजलं. "कॅल्साइट आहे. जुळा असावा. चुकून चिकटलेले खडे कसेही बसतात, जुळ्यांचा कोन ठरलेला असतो. पण इथं कडा झिजल्यात, छातीठोक सांगवत नाही."

"जुळा असला तर एक म्हणायचं की दोन, सर?"

"वाढला एकत्रच. दिशा मात्र दोन." मग खडा परत देत ते म्हणाले, "परीक्षेत जुळा असं लिही."

परतीच्या बसमध्ये मी खडा मांडीवर घेऊन बसले. एका बाजूनं बघितलं की एकच वाटायचा, जरा फिरवला की दोन.

विहिरीवर जाऊन सांगितलं, "एकच आहे. फोडू नका."

थोरल्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. "तुमालाच नक्की ठाऊक नाय, ताई."

खरं होतं ते. मी मान खाली घातली. त्यानं खडा माझ्या हातातून घेतला.

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा तो फुटलेला होता. खाचेवर नाही; तिरपा फुटून दहा-बारा चकचकीत तुकडे झाले होते. धाकट्याची पोरगी त्यांतलेच पाच घेऊन ओट्यावर खेळत होती.

"तुमचं खरं निघालं," थोरला ओशाळून म्हणाला. "मधी फुटलाच नाय. दोन असते तर सुटले नसते का?"

धाकटा पोरीजवळ जाऊन बसला.

कॅल्साइट तिरपाच फुटतो, एकटा असो की चिकटलेला, हे मला माहीत होतं. म्हणजे त्या तुकड्यांवरून काहीच ठरत नव्हतं. ते सांगायला तोंड उघडलं, पण थोरला तोवर माझ्या वडिलांना मोठ्यानं सांगत होता, "पोरगी लई हुशार हाय तुमची."

त्यानंतर शिवारात कुणाला वेगळा दगड सापडला की तो माझ्याकडं यायचा. मी हातात घेऊन उलटसुलट बघायचे आणि लोक माझ्या बोलण्याची वाट बघत उभे राहायचे.