दोन गटांचा एक वकील

सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात मुलाखतीला बसलो होतो. चेअरमन माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. शेजारचे व्हाइस चेअरमनही तसंच हसले. मी दोघांनाही जन्मात भेटलो नव्हतो.

जागा लॉ ऑफिसरची होती, म्हणजे कारखान्याचा पगारी वकील. अशील एकच, कारखाना. साताऱ्याच्या कोर्टात माझी प्रॅक्टिस तारखा मागण्यापलीकडे सरकत नव्हती. घरात तान्हं मूल. मेढ्याहून वडिलांचा निरोप यायचा, "जमत नसंल तर ये माघारी, नांगर धर." ही नोकरी मला हवीच होती.

म्हणून मी बापूरावाला गाठलं होतं. पलटणीतून रिटायर झालेला हा गृहस्थ लग्नं जुळवावीत तशा नोकऱ्या जुळवायचा. म्हणाला, "आवं वकीलसायेब, तुमी निस्तं बसा. शब्द टाकायचं काम माझं." मी नुसता बसलो.

आता चेअरमन म्हणाले, "ह्यो आपलाच मानूस हाय."

"आपला म्हंजे कुनाचा?" व्हाइस चेअरमननी विचारलं. "बापूराव तर ह्यो आमच्या गटाचा म्हनून सांगून गेला."

सहकारी कारखान्यात संचालकांचे गट असतात आणि लॉ ऑफिसर ज्याचा, त्याला भांडण सोपं जातं. बापूरावानं मला दोन्हीकडं देऊन टाकलं होतं.

"वकीलसायेब, तुमी नक्की कुनाचं?" चेअरमननी विचारलं.

"मी कारखान्याचा," मी म्हणालो.

उत्तर कायद्याला धरून होतं, पण ऐकतो कोण? प्रत्येकाला वाटलं, मी समोरच्याचा. जागा पेपरातली जाहिरात वाचून आलेल्या एका मुलाला मिळाली. तो कुणाचाच नव्हता, म्हणून दोन्ही गटांचं एकमत झालं.

बायकोला हे सांगताना मला संतापानं रडू फुटलं. बापूराव मात्र थंड होता. "दोनीकडं सांगितलं म्हंजे एकीकडं तरी लागंल, आसं वाटलं. बरं, सांगलीत इश्रामबागेत एका ब्यांकेला वकील पायजे. टाकू शब्द?"

"नको. फक्त पत्ता द्या."

बँकेत मॅनेजरनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. एस.टी.नं आलो."

ते हसले आणि मग कायद्याचं विचारायला लागले. त्याच बँकेतून मी रिटायर झालो. कुणी विचारलंच तर एवढंच सांगतो, मध्यस्थाकडून जागेचा पत्ता जरूर घ्यावा. आपण कोण, हे मात्र आपल्या तोंडानं सांगावं.