डोमाजीचा दुसरा घाव

डोमाजी वानखडे मूळचा वलगावचा. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि महिन्याभरातच गावात त्याचं वाकडं आलं. पंजाबराव पाटलांचा बैल मेला होता. ओढून न्यायला पाटलांच्या धाकट्या भावानं, सूर्यभाननं, डोमाजीला बोलावणं पाठवलं. डोमाजी गेला नाही आणि वस्तीतलंही कोणी गेलं नाही. बैल तीन दिवस गोठ्यात फुगत पडला. शेवटी सूर्यभाननं स्वतःच तो बैलगाडीला बांधून ओढून नेला. त्या वासानं त्याला रस्त्यातच ओकारी झाली, असं गावात लोक हसून सांगत. सूर्यभान ते विसरला नाही.

डोमाजी बायकोला, शकुनला, घेऊन अमरावतीला आला. ओमप्रकाश नावाच्या ठेकेदाराच्या हाताखाली वायरिंग शिकला. हात सफाईचा होता. चार-पाच वर्षांत ओमप्रकाश त्याला एकट्याला कामावर धाडू लागला.

बासष्टच्या वैशाखात पंजाबरावांनी अमरावतीहून टेबलफॅन नेला. गावात वीज येऊन दोन वर्षं झाली होती, पण पाटलांच्या घरात नुसते दिवे होते. पंख्याची पिन खुपसायला जागाच नव्हती. ओमप्रकाशनं डोमाजीला सांगितलं, "वलगाव जाना है." घर कोणाचं ते कळल्यावर शकुन म्हणाली, "नोका जाऊ. दुसऱ्याले धाडा म्हना."

"प्लग बसवाले जाऊन राह्यलो, सोयरीक कराले नाही," डोमाजी म्हणाला आणि सायकल काढली.

तो पोचला तेव्हा पंजाबराव मागच्या खोलीत निजले होते. घरात त्यांची बायको दुर्गाबाई होती. डोमाजीनं रबरी तळाचे बूट बाहेर काढले. माजघरातल्या भिंतीत सागवानी पेटी होती, तिच्यावर दोन बटणं आणि तिसऱ्याची जागा रिकामी. काम अर्ध्या तासाचं होतं. पेटीचं झाकण उघडायचं, भोक पाडायचं, आतल्या तारेला नवी तार जोडून प्लग कसायचा. पण भुई नुकतीच सारवलेली, पाय ओले होत होते.

"बाई, उभं राहाले एखादं लाकडी स्टूल भेटन काय?"

दुर्गाबाई स्टूल आणायला वळली. तेवढ्यात सूर्यभान शेतातून आला. त्यानं डोमाजीला ओळखलं.

"स्टुलावर आमी बसतो, वयनी. त्याले भुईवरच राहू द्या."

डोमाजीला तेव्हाच निघून यायचं होतं. आला नाही. ओसरीतल्या मेन स्विचची दांडी त्यानं खाली केली आणि दुर्गाबाईला दाखवून म्हणाला, "ही खाली असली म्हंजे करंट बंद. कोनाले हात लावू देऊ नका." एरवी तो फ्यूज काढून खिशात टाकत असे. त्या दिवशी टाकला नाही. चार वर्षांनी अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही दोघं एका पाळीत होतो, तेव्हा तो मला म्हणाला होता, "थे माही चूक. मले त्या घरातून लवकर निंघाचं होतं."

भोक पाडून झालं. डाव्या हातात त्यानं सोललेली तार धरली, उजव्या हातात पेचकस. सूर्यभान ओसरीतून विचारत होता, "काय रे डोम्या, तुह्या देवानं हे शिकवलं काय? मेलं जनावर ओढाचं इसरला, तार ओढाले शिकला?"

डोमाजीनं तार पेचाखाली धरली. त्याच्या पाठीमागे खट्ट वाजलं.

विजेनं त्याची मूठ तारेवरच आवळली. ओरडायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. दात एकमेकांवर आपटून जिभेतून रक्त आलं. पायाखालच्या ओल्या भुईतून जणू कोणी त्याला खाली ओढत होतं आणि हात वर भिंतीला खिळला होता. जळल्या मांसाचा वास सुटला. दुर्गाबाई सूर्यभानच्या अंगावर धावली. त्यानं तिला ढकललं. ती पडली, पुन्हा उठली, दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळली आणि दांडी खाली आली.

डोमाजी भुईवर कोसळला. डाव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती. सूर्यभान हसत दारात आला.

"नाचला तं लय बेस," तो म्हणाला.

हातोडी डोमाजीच्या गुडघ्याजवळच पडलेली होती. ती घेऊन तो उठला आणि सूर्यभानच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज झाला. सूर्यभान गुडघ्यांवर आला. त्यानं चांगला हात वर धरला आणि म्हणाला, "नोको, नोको गड्या." डोमाजीनं ते ऐकलं. त्याच्याकडे पाहिलंही. मग त्याच्या तोंडावर दुसरा घाव घातला. वरचे दात तुटून भुईवर सांडले, जबडा एका बाजूला लोंबला.

ओरडा ऐकून पंजाबराव उठून आले. मागोमाग दोन सालदार गाडीच्या उभाऱ्यांचे सोटे घेऊन आले. डोमाजी पळाला नाही. पहिल्या तडाख्यात हातोडी गळली, मग बरगड्यांवर, पाठीवर, डोक्यावर मार सुरू झाला. पंजाबरावांनी त्याच्या जळल्या हातावर टाच दिली. त्याचं भान गेल्यावर त्याला तंगडी धरून रस्त्यात आणून टाकलं. वस्तीतल्या लोकांसह त्याचा चुलता बुधाजी धावत आला. त्यांच्याही हातात काठ्या होत्या. बुधाजी त्यांना ओरडून म्हणाला, "आंधी पोराले उचला! तो जिता आहे!" त्या दिवशी वलगावात आणखी डोकी फुटली नाहीत ती एवढ्यामुळे.

सरकारी दवाखान्यात डोमाजी दीड महिना पडून होता. दोन बोटं काढावी लागली.

एकाच कोर्टात दोन खटले उभे राहिले, एक सूर्यभान आणि पंजाबरावांवर, एक डोमाजीवर. डोमाजीच्या वकिलानं त्याला पढवलं, "चक्कर आली होती, हातोडी कशी उचलली ठाऊक नाही, एकदाच लागली, असं म्हण." सूर्यभानच्या वकिलाचं म्हणणं होतं की दांडी चुकून वर झाली. मग दुर्गाबाईला बोलावलं.

ती पदर घेऊन उभी राहिली आणि न थांबता बोलली. "दांडी माह्या दिरानं वर केली. मी सोडवाले गेली तं मले ढकललं. मंग या मानसानं त्याले हातोडी मारली. दिरानं हात वर केला, नोको म्हनलं, तरी दुसऱ्यांदा मारली."

कोर्टात गलका झाला. जज्जसाहेबांनी डोमाजीला विचारलं. त्याचा वकील खालून डोळ्यांनी खुणावत होता.

"बाई खरं बोलून राह्यली," डोमाजी म्हणाला. "पह्यला घाव मी घातला का हातानं घातला, मले नाही सांगता येत. दुसरा मात्र मीच घातला."

सूर्यभानला दीड वर्ष झालं, डोमाजीला सहा महिने. पंजाबरावांवर काही शाबीत झालं नाही. त्यांनी कोर्टाच्या पायऱ्यांवरच दुर्गाबाईच्या कानफटात मारली, ती दोन पायऱ्या घसरली. तिथून तिला घरी नेलंच नाही, चांदूर बाजारला तिच्या भावाकडे, महादेवरावांकडे, सोडून दिलं.

तुरुंगात डोमाजीला विजेचं स्वप्न पडत नसे. त्याला सूर्यभानचा वर धरलेला हात दिसे. एकदा एका कैद्यानं त्याच्या ताटातली भाकर उचलली, तेव्हा डोमाजीचा हात आपोआप वर गेला. त्यानं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला, आणि भाकर जाऊ दिली.

सुटल्यावर आठव्या दिवशी तो चांदूर बाजारला गेला. दुर्गाबाई अंगणात मूग वाळत घालत होती. त्याला पाहून महादेवराव काठी घेऊन बाहेर आले. "तुह्यापायी माह्या बहिनीचा संसार मोडला, आन् तू दारात येतं?" त्यांनी काठी घातलीच. डोमाजीनं ती खांद्यावर घेतली आणि हात उचलला नाही. दुसरी बसायच्या आत दुर्गाबाई मध्ये आली.

"भाऊ, राहू द्या. काय म्हनते ते तरी आयका."

"बाई," डोमाजी म्हणाला, "तुमी माहा जीव वाचवला. तुमाले भोगा लागलं."

"म्या तुमच्यासाठी काई नाही केलं," ती म्हणाली. "मानूस मरून राह्यला होता, दांडी वढली. साहेबानं इचारलं, पाह्यलं ते सांगतलं. तुमचं बी सांगतलं न?"

"हाव."

"मंग झालं." तिनं त्याच्या हाताकडे पाहून विचारलं, "लय दुखते काय हात?"

"थंडीत दुखते."

तिनं मान हलवली आणि पुन्हा मूग पसरू लागली.

तो शकुनला घेऊन अकोल्याला आला आणि जिनिंगमध्ये लागला. दुर्गाबाई सासरी परत गेली नाही. भावाच्या घराला लागून एक खोली घेतली आणि शिवणकाम करू लागली, असं वलगावचं कोणी आलं की कळे. सूर्यभान सुटून आला, पण त्याचा जबडा नीट बसला नाही. भाकर दुधात कुस्करून खाऊ लागला. ती बातमी एकानं हसत सांगितली, तेव्हा डोमाजी माझ्या शेजारी जेवत होता. त्यानं डबा झाकला आणि उठून गेला.