नरम शिंगांची समजूत

बुलढाणा जिल्ह्यात सार्वजनिक आरोग्याचं काम केलेल्या बहुतेकांना प्रशिक्षणात एक धडा हमखास शिकवला गेला आहे. वरवट बकालच्या बाजूला एक गाव आहे. तिथल्या लोकांची जुनी समजूत अशी की, जंतू मारायची पावडर टाकलेल्या विहिरीचं पाणी प्यायल्यानं बैलाची शिंगं नरम पडतात. अशा समजुती आधी ओळखाव्यात, मग धोरण ठरवावं, असा त्या धड्याचा सारांश. पुष्कळांना तो मीच शिकवला. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझ्यामुळे त्याची आधीच पुरेशी शोभा झाली आहे. ती समजूत त्या गावाची नव्हती. जुनीही नव्हती. ती मला एका दुपारी जेवणानंतर सुचली.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, जिल्हा परिषद त्याहून नवी होती, आणि आम्ही सगळ्यांत नवे होतो. पटकी, हिवताप, नारू यांचं काय करायचं ते ठरवणारी तरुण माणसं तयार करायची म्हणून आम्हाला बुलढाण्याला एका पत्र्याच्या सभागृहात बसवलं होतं. शिकवायला पुण्याकडचे एक निवृत्त डॉक्टर होते. औषध कंपाउंडरसुद्धा देतो, तुम्ही धोरण द्यायचं, असं ते रोज सांगत. धोरण म्हणजे नेमकं काय, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं. पण ते कंपाउंडरला जमत नाही एवढं कळल्यानं आम्ही खूश होतो.

माझ्या खोलीत सुलतानपूरचा एक जण होता. इतिहास घेऊन बी. ए. झालेला, सडपातळ, प्रत्येक हुकूम शब्दशः पाळणारा. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. सासऱ्यानं सरकारी नोकरी बघून मुलगी दिली आणि नंतर त्याला कळलं की जावई अजून तात्पुरता आहे. तेव्हापासून सासरा भेटला की नमस्काराच्या आधी विचारायचा, कायम झालात का? नेमून दिलेल्या गावातल्या विहिरींत पावडर पडली आणि तपासणीत ती दिसली, तरच कायम. नाही तर घरी. सासरा मुलीलाही परत नेईल, अशी माझ्या मित्राची खात्री होती.

डॉक्टरांची शिकवण्याची एक खास रीत होती. कपाटात त्यांनी एक लाल पटका ठेवला होता. दुपारी तो एकेकाच्या डोक्यावर चढायचा. पटका ज्याच्या डोक्यावर, तो गावकरी. त्यानं हरकत घ्यायची आणि बाकीच्यांनी साहेब होऊन त्याची समजूत काढायची. हरकत नवी पाहिजे, जुनी चालणार नाही, असा नियम. माझी पाळी शेवटी आली. तोवर पावडरीचा वास मारतो हे होऊन गेलं होतं, विहिरीतला देव कोपतो हे होऊन गेलं होतं, एकानं तर डाळ शिजत नाही हेही वापरून टाकलं होतं. मी खामगावच्या कारकुनाचा मुलगा. बैल मी फक्त रस्त्यानं जाताना पाहिलेला, तोही अंग चोरून. पटका डोळ्यांवर येत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "या पाण्यानं आमच्या बैलायची शिंगं नरम पडतात."

सगळे हसले. हसला नाही तो एकच माणूस. नागपूरहून पाहणीला आलेले एक वरिष्ठ साहेब मागच्या बाकावर डोळे मिटून बसले होते, ते खाडकन जागे झाले. हे कुठे ऐकलंत, असं त्यांनी विचारलं. नाटकातलं आहे, असं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण साहेबांनी आपल्याकडे पाहून खिशातलं पेन काढण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. मी तोंडात आलं ते गाव सांगितलं. सकाळी स्टँडवर एका एसटीच्या पाटीवर ते वाचलं होतं. साहेब डॉक्टरांना म्हणाले, हा मुलगा खेड्याच्या मनात शिरला आहे. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पटका पार नाकावर आला.

पुढे नेमणुका झाल्या. खेड्याच्या मनात शिरल्याबद्दल मला बढती मिळाली आणि ते गाव नेमकं माझ्या मित्राच्या वाट्याला आलं. पाठोपाठ नागपूरचा हुकूम आला: पावडर टाकण्यापूर्वी बैलांच्या शिंगांबाबत लोकांची भीती दूर करावी. दुसरा कुणी असता तर त्यानं आधी भीती आहे का ते बघितलं असतं. माझ्या मित्रानं हुकूम वाचला, कोतवालाला बोलावलं आणि गावभर दवंडी पिटवली की, विहिरीच्या पावडरीनं बैलांची शिंगं नरम पडत नाहीत, कुणी घाबरू नये.

तोपर्यंत त्या गावात कुणीही घाबरलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत झाडून सगळे आपापल्या बैलाची शिंगं दाबून पाहत होते. सरकार आपणहून नाही म्हणतं त्याअर्थी काहीतरी असणारच, यावर गावाचं एकमत झालं. त्यात पोळा तोंडावर आलेला. ज्या शिंगांना रंग द्यायचा तीच लोंबायला लागली तर काय, म्हणून लोकांनी विहिरींवर पहारा बसवला. मित्राचा मला निरोप आला की तपासणी जवळ आली आहे, पावडर पोत्यातच आहे आणि सासरा चौकशीला येतो म्हणतो. हे तुझं लेकरू आहे, तूच येऊन सांभाळ.

मी गेलो. वरवट बकालपासून पुढे एका रेंगीत बसलो. सगळ्या वाटेनं दोन बैलांची चार शिंगं माझ्यासमोर डुलत होती, आणि गाडीवान मधूनच पुढे वाकून एखादं चाचपायचा.

पारावर मंडळी जमली. मी उभा राहिलो आणि खरं ते सगळं सांगितलं: पटका, हरकत, एसटीची पाटी. ही समजूत मी बनवली, तिच्यात काही अर्थ नाही, मला माफ करा. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक म्हातारे शेतकरी उठले. गावातली सगळ्यांत देखणी जोडी त्यांची होती.

"साहेब, तुमी कधी बैल पाळला काय?"

"नाही."

"नांगर धरला?"

"नाही."

"मंग तुमाले हे कसं सुचन? हे माह्या आज्यानं सांगतलं व्हतं मले. तुमी काऊन आपल्या अंगावर घेऊन राह्यले?"

मी म्हणालो, तुमच्या आजोबांच्या काळी पावडर नव्हती. ते म्हणाले, "हाव, म्हणूनच त्याच्या बैलायची शिंगं कडक व्हती." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बिचारा दुसऱ्या कुणा साहेबाची चूक झाकायला आलो आहे, असं त्यांचं ठरलं. एका बाईनं मला ताक आणून दिलं.

शेवटी मार्ग म्हाताऱ्यांनीच काढला. पावडर माणसांसाठी आहे ना, मग माणसांनी प्यावी. आधी बैलांचं पाणी काढून हौद भरू द्या, मग विहिरीत काय टाकायचं ते टाका. आमच्या डोक्यावर कुठे शिंगं आहेत? माझ्या मित्राला एवढंच हवं होतं. हौद भरले आणि पावडर पडली. ते पाणी सर्वांदेखत आधी तोच प्यायला आणि मग त्यानं नकळत स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला, तेव्हा अख्खा पार हसून लोळला.

तपासणीला तेच नागपूरचे साहेब आले. पाण्याचा वास घेऊन झाल्यावर त्यांनी बैलांची चौकशी केली. म्हाताऱ्यांनी आपला ढवळ्या पुढे आणला आणि म्हणाले, पाहा दाबून. साहेबांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, दोन्ही हातांनी शिंग दाबलं, थोडं वाकवूनही पाहिलं. ढवळ्यानं मान झटकली तशी साहेबांची टोपी विहिरीत गेली. शेऱ्यात त्यांनी लिहिलं: पाणी समाधानकारक, शिंगे कठीण.

साहेब जेवायला बसले, तेव्हा मी मित्राला बाजूला घेतलं आणि म्हणालो, मी आता त्यांना सगळं सांगतो. त्यानं माझा हात धरला.

"काय सांगशील? मी खोट्या समजुतीसाठी दवंडी पिटवली म्हणून? तुला बढती दिली ती ठेवतील, अन् मला घरी पाठवतील. मी कायम होऊ दे. तोवर गप राह्य."

मी गप्प राहिलो. तो कायम झाला, सासऱ्यानं पेढे वाटले. खेड्याचं मन कळणारा म्हणून मला पुढे प्रशिक्षण केंद्रात घेतलं, आणि मी तो धडा शिकवू लागलो, कारण तो पाठ्यक्रमातच होता. दरवर्षी नवी मुलं हसायची. त्या गावचा एखादा मुलगा वर्गात असला तर तो खाली मान घालायचा. मी फळा पुसायचो आणि मनात म्हणायचो, मित्राची बढती होऊ दे, मग सांगू. मग त्याची पेन्शन बसू दे, मग सांगू. प्रत्येक वेळी मी त्याला विचारायचो आणि प्रत्येक वेळी तो म्हणायचा, थोडं थांब.

अलीकडे तो आजारी असताना मी त्याला भेटायला गेलो आणि पुन्हा विषय काढला. त्यानं उशीला टेकून बराच विचार केला. म्हणाला, कायम केलेला माणूस सरकारला मागे जाऊन तात्पुरता करता येतो का, ते आधी विचारून ये. मी खरंच कोषागारात गेलो. तिथल्या मुलीनं मला दोनदा प्रश्न विचारायला लावला, वरिष्ठांना आत जाऊन विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं की, असं काही करता येत नाही, आजोबा, तुम्ही बसा, पाणी घ्या.

मी परत जाऊन त्याला ते सांगितलं.

"बायकोच्या पेन्शनलाही काही होत नाही?"

"नाही."

"मग लिही," तो म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.