बाकीचे अण्णा

अण्णा गुरुवारी वारले. त्यांचा पाय राहिला.

त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता. नवा माणूस भेटला की नाव सांगण्याआधी ते त्यावर टकटक करत आणि म्हणत, “हा माझा नाही. बाकीचा मी.” तंजावरला मुलगी पाहायला गेले तेव्हाही कॉफीला हात लावण्याआधी त्यांनी हेच केलं. मुलीला हसू आवरेना. लग्न तिथेच ठरलं. बायको वारल्यावर ते तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आले. बसमध्ये कुणी उठून जागा दिली तर म्हणत, “तुम्ही बसा. हा पाय दमत नाही.”

माझा डावा कान जन्मापासून बंद. मी ते दडवत असे. अंबत्तूरला मुलाखतीत तिघेजण समोर रांगेत बसले होते. डावीकडच्यांचं ऐकायला मी इतकी मान वळवत होतो, की त्यांनी विचारलं, मान अवघडलीय का? मी हो म्हणालो. त्यांनी एक मलम सुचवलं. नोकरी दिली नाही.

अण्णा बराच वेळ हसले. मी चिडून म्हणालो, “मग अर्जातच लिहू का?”

“नको, प्पा. कागदावर कान लिहिलास की त्यांना कानच दिसतो, तू दिसत नाहीस. आधी बोलावू दे. पण समोर बसून दडवलास, तर जन्मभर दोन नोकऱ्या. एक ऑफिसची, एक कानाची.”

पुढची मुलाखत श्रीपेरुंबुदूरला होती. तीही हुकली असती तर मी पुण्याला परतणार होतो. खुर्चीत बसलो, कानाला बोट लावलं आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. तोंडातून निघालं, “हा माझा नाही. बाकीचा मी.”

समोर एक बाई आणि दोन साहेब होते. बाईंनी विचारलं, “अर्जात का लिहिलं नाहीत?”

“लिहिलं असतं तर बोलावलं असतंत?”

मग बाई उठल्या आणि खुर्ची ओढत माझ्या उजवीकडे आल्या. दोघे साहेब चहाचे कप सांभाळत त्यांच्या मागोमाग. टेबलापलीकडे कुणीच उरलं नाही.

नोकरी मिळाल्याचं ऐकून अण्णा म्हणाले, “माझं वाक्य वापरलंस. पण कान टकटक वाजत नाही, तेवढी मजा गेली.”

स्मशानात तिथल्या माणसाने पायाकडे बोट दाखवलं. “हा?”

“हा त्यांचा नाही,” मी म्हणालो. पुढचं मला म्हणता आलं नाही.

पाय माझ्या खोलीत, दारामागे आहे.