दिवा लागला की आतलं दिसतं

इमारतीच्या अंगणाकडे अठ्ठेचाळीस खिडक्या, आणि सगळ्यांचे पडदे तिथेच राहणाऱ्या एका बाईनं एकटीनं शिवलेले. तिला सगळे मावशीच म्हणत. माप घ्यायला गेली की मावशी आधी त्या खोलीत दहा मिनिटं नुसती बसून राहायची. पलंग कुठे आहे, समोरून कोण बघतं, हे सगळं हेरायची आणि मग टेप काढायची. या घरातलं त्या घरात चकार शब्द न्यायची नाही. कुणाची सून एकटीच जेवते, कुणाचे आजोबा भिंतीशी भांडतात, सगळं तिच्या पोटात. वीस वर्षांत त्याचा तिला गर्व झाला होता, आणि का होऊ नये?

मग इमारतीत दोन चोऱ्या झाल्या. समितीच्या चिटणिसांनी सभा बोलावली. हा माणूस भारी गोड बोलायचा, आणि अशांचीच मला धडकी भरते. म्हणाले, "लपवण्यासारखं काही नाही, तर जाड पडदे कशाला? एकमेकांवर लक्ष राहील." अंगणाकडच्या खिडक्यांना जाळीचे पडदे लावायचा ठराव आला. शेजाऱ्याकडे बघत बघत एकेक हात वर गेला. मावशीचाही गेला. एवढं काम चालून येत होतं, खोटं कशाला बोला.

"पण जाळीतून दिसतं का हो?" चिटणिसांनी विचारलं.

"दिवसा नाही दिसत," मावशी कारागिराच्या तोऱ्यात म्हणाली. "संध्याकाळी दिवा लागला की मात्र आतलं लख्ख दिसतं."

आठवड्यात नोटीस लागली: सातच्या ठोक्याला प्रत्येक घरात दिवा लागलाच पाहिजे. आता काय गरज होती बाईला जीभ चालवायची!

मावशीचा धाकटा भाऊ तिच्याकडेच राहायचा, कचेरीतून निवृत्त झालेला. तो एक अर्ज फिरवत होता. समितीची निवडणूक हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकून गुप्तपणे व्हावी. पंचवीस सह्या लागत होत्या, अकरा झाल्या होत्या. त्याआधी कागद समितीच्या हाती लागला तर अकराही घरांचं काही खरं नव्हतं. मागे एका मास्तरांनी सभेत आक्षेप घेतला, तर महिन्याभरात त्यांना खोली सोडावी लागली होती.

"ताई, माणूस दार लावून विचार करतो, तेव्हा कुठे चारचौघांत त्याला तोंड फुटतं," भाऊ म्हणायचा.

संध्याकाळी लोक अंगणातल्या बाकांवर येऊन बसू लागले. पहिल्या आठवड्यात पत्ते खेळत. मग पत्तेही बंद झाले, माना तेवढ्या वर. एक दिवस शेजारीण जिन्यात हसून म्हणाली, "मावशी, काल तुमच्या टेबलावर चार कप होते." ते चारही कप सह्या करायला आलेल्यांचे होते.

त्या संध्याकाळी तिनं ट्रंकेतला जुना जाड पडदा काढून खिडकीला लावला.

"ताई, काढ तो," भाऊ म्हणाला. "आता तर सगळे इकडेच बघतील."

"अकरा घरं आहेत त्या कागदावर. मी नाही काढायची."

तिनं फटीतून खाली पाहिलं. बाकांवरची सगळी तोंडं तिच्याच खिडकीकडे वळलेली. सत्तेचाळीस खिडक्या उजळलेल्या, अंधारी तेवढी एकच. थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली.

दारात चिटणीस, आणि त्यांच्यामागे जिनाभर माणसं. सगळी तिची गिऱ्हाइकं. कुणीच रागावलेलं दिसत नव्हतं.

"काळजी वाटली म्हणून आलो, मावशी."

"भावाचे डोळे आलेत. उजेड सोसत नाही."

"असं होय. पण नियम आहे ना. तुम्हीच काढा, तुमच्या हातानं."

तिनं पडदा काढला. भाऊ टेबलाशी उभा होता, दोन्ही तळवे कागदावर दाबून. दारातल्या गर्दीत मावशीला चार चेहरे दिसले, ज्यांनी याच टेबलाशी बसून सह्या केल्या होत्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. तिघांनी माना खाली घातल्या.

चौथा मात्र सगळ्यांना सारत पुढे आला, चिटणिसांच्या शेजारी उभा राहिला आणि भावाला म्हणाला, "कसला कागद लपवताय हो? वाचा की मोठ्यानं."