तुटक्या कोपऱ्याची चौकट

बिनतिकिटाचं टपाल सहसा कुणी जमवत नाही. मी जमवते. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर गेली. टपाल फोडलं की चांगली तिकिटं साहेब लोकांच्या घरी जात आणि रद्दीत पडायचं ते माझ्याकडं येई. त्यात पाकिटं असत, साप्ताहिकांभोवती गुंडाळलेल्या कागदी पट्ट्या असत. या पट्ट्यांना आम्ही रॅपर म्हणतो. त्यांच्यावर तिकिटाच्या जागी एक छापील चौकट असे आणि चौकटीत लिहिलेलं असे की, तिकीट न लावता टपालात टाकण्याचा परवाना आहे, क्रमांक अमुक. पोस्ट अशा परवानेवाल्यांकडून टपालखर्च एकत्र घेई.

आमचे हे म्हणतात, लोक पाकिटातलं पत्र वाचतात आणि ही बाई पाकीट वाचते. म्हणू देत. पाकीट वाचायला जास्त वेळ लागतो.

या चौकटींची मोठी अडचण म्हणजे त्यांच्यावर तारीख नसते. तिकीट रद्द करायचं नसलं की पोस्टातला माणूस शिक्का मारायचे कष्ट घेत नाही. मग वर्ष ठरवायचं ते आडून आडून. पिनकोड बहात्तर साली आला, त्यामुळं छापील पत्त्यात पिन असेल तर रॅपर त्यानंतरचं, एवढं नक्की. पिन नसेल तर ते आधीचं, असं मात्र म्हणता येत नाही, कारण छापलेली थप्पी संपेपर्यंत लोक तीच वापरतात. शहराचं नावही उपयोगी पडतं. माझ्या संग्रहात औरंगाबाद आहे, आता छत्रपती संभाजीनगरही आहे. शिक्क्यावर जे नाव असेल ते मी वहीत टिपते आणि त्या विषयावर त्यापुढं बोलत नाही.

गुलमंडीत एक जुन्या कागदांचे व्यापारी आहेत, मला ओळखतात. त्यांनी गेल्या वर्षी एका बाईंना माझ्याकडं पाठवलं. करमाडच्या होत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. आल्या, जय भीम म्हणाल्या, आणि पर्समधून वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये धरलेलं एक रॅपर काढलं.

त्यांचे वडील, त्या त्यांना दादा म्हणत, तरुणपणी एका मित्राबरोबर शहरातून साप्ताहिक काढायचे. चळवळीचं, चार पानी, जिल्ह्याबाहेर फारसं न जाणारं. दादा बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी वारले. तेव्हा या बाई पाळण्यात होत्या. पुढं मित्रानं साप्ताहिक चारपाच वर्षं चालवलं. समोर होतं ते रॅपर खुलताबादच्या एका शिक्षकांच्या नावानं गेलेलं, आणि ते गाव सोडून गेल्यामुळं परत आलेलं. पत्ता हातानं लिहिलेला होता. घरात सगळे म्हणत, हे दादांचं अक्षर. त्यांच्या हातचं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

गावातल्या विहारात दादांचा फोटो लावायचा होता आणि त्याखाली हे अक्षर चौकटीत बसवायचं होतं. तेवढ्यात मित्राच्या घरच्यांनी सांगितलं की हे अक्षर आमच्या माणसाचं आहे, तुमचे दादा तेव्हा हयातच नव्हते. ताडून पाहायला मित्राच्या हातचंही काही उरलं नव्हतं. आता वर्ष ठरलं की वाद मिटणार होता. रॅपरवर परतीचा शिक्का होता, पण त्यातलं वर्ष नेमकं कसरीनं खाल्लेलं. छापील पत्त्यात पिन नव्हता, पण त्यानं काही ठरत नव्हतं.

मी त्यांना आधीच बजावलं की उत्तर मनासारखं येईलच असं नाही. त्या म्हणाल्या, “मला खरं पाहिजे. नुसतं बरं वाटणारं नको. तसं सांगणारे घरात लई आहेत.”

मला त्या आवडल्या. घरात आणखी कोण आहे ते मी विचारलं. आई आहे, पण तिला लिहितावाचता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी वहीत लिहिलं, कौटुंबिक कागद नाहीत.

त्याच साप्ताहिकाची नऊ रॅपरं माझ्याकडं होती. ती टेबलावर मांडली आणि भिंग घेऊन बसले. परवान्याची चौकट धातूच्या ब्लॉकवरून छापायचे. ब्लॉक झिजतो, त्याची कड तुटते, आणि तुटलेली कड पुन्हा सांधत नाही. माझ्या नऊपैकी काहींवर चौकट अखंड होती, काहींवर उजव्या कोपऱ्यात बारीक फट होती, काहींवर तो कोपराच गायब होता. तीन रॅपरांच्या मागं पोचल्याचे शिक्के वाचता येत होते. अखंड चौकट सर्वांत जुनी, फटीची मधली, बिनकोपऱ्याची सर्वांत नवी. इतकी सरळ रांग मला आजवर कुठल्याच संग्रहात मिळाली नव्हती आणि मी खूश झाले, हे कबूल केलं पाहिजे.

करमाडच्या रॅपरवर कोपरा नव्हता. माझ्या रांगेप्रमाणं ते दादा गेल्यावर किमान दोन वर्षांनी छापलेलं ठरत होतं.

बाईंना मी हे समोर बसवून सांगितलं. भिंग दिलं, कोपरे दाखवले, रांग समजावली. त्यांनी तिन्ही शिक्के स्वतः वाचले. शिक्षिकाच त्या, पुरावा कळत होता. शेवटी एवढंच म्हणाल्या की मग हे दादांचं नाही. मी म्हणाले, नाही. त्यांनी रॅपर पुन्हा पुठ्ठ्यांमध्ये ठेवलं, माझे आभार मानले आणि करमाडवरून जाणारी जालन्याची बस पकडायला गेल्या. विहारात नुसता फोटो लागला, असं नंतर कळलं.

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण त्यांनी खरं मागितलं होतं, मी खरं दिलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत मी दुसऱ्या पाकिटांना लागले होते.

चार महिन्यांनी गुलमंडीच्या व्यापाऱ्यांचा फोन आला. एका वाचनालयाची रद्दी आली होती, त्यात त्या साप्ताहिकाची पंधरावीस रॅपरं होती. मी सगळी घेतली. या वाचनालयातल्या कुणा शिस्तीच्या माणसानं प्रत्येकावर अंक मिळाल्याची तारीख शाईनं घातली होती. अशी माणसं देव माझ्यासाठीच जन्माला घालतो, असं म्हणत मी ती तारखेनं लावली आणि भिंग उचललं.

पहिल्याच वर्षीच्या, म्हणजे दादा हयात असतानाच्या, रॅपरवर कोपरा नव्हता. पुढच्या आठवड्याच्या रॅपरवर चौकट अखंड होती. महिनाभरानं पुन्हा कोपरा गेलेला. बारीक फटीची रॅपरं नीट पाहिली तर फटीभोवती शाई साचलेली दिसली. म्हणजे कोपरा तिथंही तुटलेलाच होता, शाई जास्त बसल्यानं तो बुजून नुसती फट दिसत होती. माझी रांग तीन शिक्क्यांवर उभी होती आणि ते तीन शिक्के निव्वळ योगायोगानं रांगेत आले होते.

मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. या शहरात अशी रॅपरं पाहणारी मी एकटीच. दोन दिवस मी गप्प बसलेही. यांनी विचारलं तेव्हा सांगून टाकलं. हे हसले आणि म्हणाले, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मला राग आला, कारण म्हण अगदी बरोबर लागू पडत होती. तिसऱ्या दिवशी मी करमाडच्या बसमध्ये बसले.

बाई घरीच होत्या. त्यांच्या आई दारातल्या पलंगावर बसलेल्या होत्या, ऐंशीच्या आसपासच्या, नजर अजून चांगली. मी बाईंना सगळी रॅपरं दाखवली आणि माझी चूक सांगितली. कोपऱ्यावरून वर्ष ठरतच नाही, मी म्हणाले, तुमचं रॅपर दादांच्या हयातीतलं असू शकतं. असं का झालं ते मात्र मला कळत नाही, हेही सांगितलं. ब्लॉक तुटून पुन्हा अखंड कसा होईल?

आईंनी हात पुढं केला. मी दोन रॅपरं त्यांच्या हातात दिली. एका रॅपरवर कोपरा होता, दुसऱ्यावर नव्हता. त्यांनी ती पलंगावर कडेला कड लावून शेजारी शेजारी ठेवली.

“हे दोन व्हते,” त्या म्हणाल्या. “जोडीनं छापायचे, एका कागदावर दोन. एक ठसा आणतानीच सायकलवरून पडला, त्याचा कोपरा गेला. दुसरा साबूत व्हता. कागद घरी आणायचे, मी मधून कापायची.”

दोन ब्लॉक. एका कागदावर दोन रॅपरं, एक धड आणि एक तुटकं, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. छापखान्याचा कागद वाचवायची ही साधी रीत. मी ती ज्याला त्याला सांगत असते आणि इथं माझ्या डोक्यातही आली नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी भिंग घेऊन घातला होता.

मग त्यांनी न विचारता पुढचं सांगितलं. तेव्हा शहरात एक खोली होती. त्या खळ शिजवायच्या, कागद कापायच्या, अंक गुंडाळून चिकटवायच्या. दादा शेजारी बसून पत्ते लिहायचे. मित्र छापखान्याचं बघायचा, पत्ते कधी लिहायचा नाही, त्याला कंटाळा होता. खुलताबादचा अंक परत आला तेव्हा दादांना लई राग आला होता, म्हणाले, माणूस गाव सोडतो तर निदान कळवतो तरी. म्हणून तो अंक लक्षात राहिला.

बाई आईकडं वळल्या. त्यांना हे माहीत नव्हतं. त्या जरा चढ्या आवाजात म्हणाल्या, “माय, मी चार महिन्यांमागं तुला सांगितलं, हे दादांचं अक्षर नाही. तू तवा काहीच बोलली नाहीस.”

आईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, उलट माझ्यासमोर असं काही बोलायचा संकोच होता.

“शिकलेल्या बाईनं भिंगातून बघून सांगितलं म्हणली तू. मंग मीच इसरले असंल म्हणलं. मला वाटलं, ते जवळ बसून लिहायचे, हे माझ्याच मनाचं असंल. म्हातारपणी व्हतं तसं. मंग मी ते आठवायचं सोडून दिलं.”

मला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज क्वचितच वाटली असेल. मी माफी मागितली, पण ती कशाची ते त्यांना समजलं नसावं. त्या पलंगावरच्या दोन रॅपरांच्या कडा पुन्हा जुळवत होत्या. मग मान वर न करता त्यांनी मला विचारलं, “म्हंजी ते लिहीत व्हते, ते खरंय नव्हं?”

शहरातल्या त्या खोलीत तेव्हा त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, आणि विचारत त्या मला होत्या. मी हो म्हणाले.